सव्वातीन ते तीन अठरा

“ही सही तुमचीच ना?” समोरच्या बाईंनी विचारलं, तेव्हा तारमास्तर टेबलाच्या काचेखाली सरकवलेलं बसचं वेळापत्रक उलट्या बाजूनं वाचण्याच्या उद्योगात होते. आपलं काम झालं अशीच त्यांची समजूत होती. पदकाच्या कडेवर नाव कोरायचं होतं. त्यातली अक्षरं बरोबर आहेत ना ते पाहायचं, खाली सही करायची आणि घरी जायचं, एवढ्यासाठी त्यांना बोलावलं होतं. युद्ध संपून बेचाळीस वर्षं उलटल्यावर सरकारला आठवण झाली होती की मालवाहू जहाजांवरची माणसंही त्या युद्धात होती. त्यांच्याकडे ना बंदुका होत्या ना गणवेश, ती आपली धान्य, कोळसा, तेल इकडून तिकडे नेत होती आणि पाण्याखाली मात्र सैनिकांच्या बरोबरीनं जात होती. आता त्यांच्यासाठी एक स्मरणपदक निघालं होतं. जे उरले त्यांना हातात, जे गेले त्यांच्या घरच्यांना. वरातीमागून घोडं, असं मास्तर घरी म्हणाले होते खरे, पण पत्र आलं त्या दिवशी त्यांनी ते दोनदा वाचलं होतं आणि दुसऱ्यांदा वाचताना खोलीचं दार लोटून घेतलं होतं.

त्यांनी चष्मा बदलला. बाईंनी पुढे केलेला कागद पांढराशुभ्र होता, कालच झेरॉक्स काढल्यासारखा, आणि त्यावरचं अक्षर मात्र पंचेचाळीस वर्षांपूर्वीचं होतं. जहाजाच्या वायरलेसच्या नोंदवहीतलं एक पान. डावीकडे वेळा, उजवीकडे नोंदी, सगळ्यांत खाली शेपूट वळवलेली सही. अशी शेपूट आपण कधी काढत होतो हे त्यांना आठवेना. पण अक्षर आपलंच, यात शंका नव्हती. ते आतापेक्षा देखणं होतं आणि त्याला कसलीही घाई नव्हती. ‘२.४५ ते २.४८. शांतताकाळ पाळला. काही ऐकू आले नाही.’ ‘३.१५ ते ३.१८. शांतताकाळ पाळला. काही ऐकू आले नाही.’ ओळीखाली ओळ, एकसारखी, एका शाईत. मास्तरांना प्रथम जाणवलं ते एवढंच की खोलीतला पंखा फार हळू फिरतोय. मग कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“माझीच,” ते म्हणाले.

“मग हे पान खरं आहे एवढं खाली लिहून द्या. घाबरू नका, तुमच्या पदकाशी याचा संबंध नाही. दुसऱ्या एका अर्जासाठी हवंय.” बाईंनी फाइल उघडली. त्या चाळिशीच्या असतील; बोटाला शाई, कपाळावर ढकललेला चष्मा, आणि बोलणं सगळं एका दमात. “एक बहीण आहे. तिचा भाऊ तारवाला होता, तुमच्यासारखाच. कोळशाचं जुनं जहाज, ताफ्यातून मागे पडलं ते बेपत्ताच झालं. ही म्हणते शत्रूनं बुडवलं. जुन्या कागदांत लिहिलंय, बहुधा वादळ. आता वादळात गेलेल्यांना पदक नाही, तो नियमच आहे. त्या दिवशी त्यांच्या सगळ्यांत जवळ तुमचं जहाज होतं, तीन तासांवर. हल्ला झाला असता तर त्यानं तार पाठवली असती, पाठवली असती तर तुम्ही ऐकली असती, आणि तुमच्या वहीत तर काही नाही. म्हणजे मिटलंच.”

मास्तर म्हणाले, घरी नेऊन नीट वाचतो. बाई म्हणाल्या, न्या की, समिती शुक्रवारी बसते, तोवर आणून द्या. मग दोन पावलं गेल्यावर त्यांनी मागून हाक मारून सांगितलं की नाही जमलं तरी काही अडणार नाही, मूळ वही सरकारदफ्तरी आहेच, तीच खरी धरतात. सही आपली फाइल भरायला. हे त्यांनी म्हाताऱ्या माणसाला पुन्हा जिने चढायला लागू नयेत म्हणून सांगितलं होतं, चांगल्या मनानं. जिना उतरताना मास्तरांच्या मनात आलं की गंमतच आहे, म्हणजे आता आपल्याला खोटं बोलायचेसुद्धा कष्ट नाहीत. नुसतं घरी बसलं की झालं. पहिल्या वेळीही असंच झालं होतं.

रस्त्यावर दुपारची वर्दळ होती. चष्म्याच्या दुकानातला माणूस काच पुसत होता आणि पुसलेल्या जागेवर पुन्हा बोट लावून पुन्हा पुसत होता. मास्तर बसथांब्यापाशी गेले आणि बस आली तरी चढले नाहीत. बाईंनी त्या भावाचं नाव सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. तारेच्या शाळेत त्याला कोणी नावानं हाक मारलीच नाही. तो उचकी. दिसायला धडधाकट, बोलणं स्वच्छ, पण तारेच्या खटक्यावर हात ठेवला की दुसऱ्या टिंबानंतर बोट क्षणभर अडे आणि मग तिसरं घाईनं उरकून टाकी. टिक टिक, आणि थांबून टिक. शिकवणारे गुरुजी डोक्याला हात लावत. बोटं फिरवून पाहिली, मनगटाला पट्टी बांधून पाहिली; जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात तसली ती खोड. वर्गातली पोरं पाठ फिरवून बसत आणि नुसत्या आवाजावरून कोण ठोकतंय ते ओळखत. प्रत्येकाचा हात निराळा असतो, चालण्यासारखा. जिन्यात पावलं वाजली की बाप आला की काका ते घरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. उचकीचा हात ओळखण्यात तर कोणाला बक्षीसही मिळत नसे, इतकं ते सोपं होतं. मास्तर आणि तो एका बाकावर बसले, एका खोलीत राहिले, आणि सुटीत मास्तर त्याच्याच घरी जेवायला पडलेले असत, कारण त्यांचं स्वतःचं घर दूर होतं. त्याची आई नव्हती. वडील घड्याळं दुरुस्त करत. धाकटी बहीण तेरा वर्षांची होती आणि दोघांच्या पानात वाढताना भावाला जास्त वाढायची, ते लपवायचीसुद्धा नाही.

चालत चालत ते घरापर्यंत आले. बायकोनं दार उघडलं आणि आधी त्यांच्या चपलांकडे पाहिलं. “चालत आलात? बस काय संपावर गेली?” त्यांच्या कोटाची कॉलर तिनं उलटवून शिवून घेतली होती आणि तो खुर्चीच्या पाठीवर चढवून ठेवला होता, त्यामुळे खोलीत एक पाहुणा पाठमोरा बसल्यासारखा वाटत होता. भिंतीवर खिळाही ठोकून झाला होता. पदक छातीवर एक दिवस, मग आयुष्यभर भिंतीवर, असा तिचा हिशेब. शेजारणींना सांगून झालं होतं, मुलाला पत्र गेलं होतं. चहा पुढे ठेवून तिनं विचारलं, “नाव बरोबर लिहिलंय ना? नाहीतर द्यायचे दुसऱ्याच कोणाला.” मास्तर उत्तर देईनात. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, “पावणेपाच. बरोबर. तीन मिनिटं आता हे घरात नाहीत.”

ही तिची जुनी थट्टा. समुद्रावर तासातून दोनदा, सव्वाला आणि पावणेला, सगळ्या जहाजांचे तारवाले तीन मिनिटं हात आवरून गप्प बसत आणि नुसतं ऐकत. एखादं बुडणारं जहाज क्षीण आवाजात हाक मारत असलं तर ती गलक्यात हरवू नये म्हणून. वायरलेसच्या खोलीतल्या घड्याळावर तेवढे दोन तुकडे लाल रंगवलेले असत. मास्तरांनी जहाज सोडलं, पुढची तीस वर्षं शहराच्या तारघरात काढली, निवृत्त झाले, तरी तासातून दोनदा ते बोलता बोलता गप्प होत. पोरगा लहानपणी याची नक्कल करायचा. लग्नानंतर पहिल्या महिन्यात बायकोला वाटलं होतं की नवरा रागावलाय. मग वाटलं, याला काही झटका येतो. मग तिनं वेळा टिपून ठेवल्या आणि कोडं सोडवलं. हुशार बाई. पण इतक्या वर्षांत तिनं हे मात्र कधी विचारलं नाही की ऐकता काय. आज तिनं विचारलं असतं तर कदाचित त्यांनी सांगितलंही असतं. ती चहाचा कप उचलून आत गेली.

संध्याकाळ उतरली तरी त्यांनी दिवा लावला नाही. कागद खिशातून काढला नाही; तो पाठ होता. लोकांना वाटतं असली गोष्ट माणसाला रात्रंदिवस पोखरत असते. तसं काही झालं नव्हतं, हे मास्तरांना प्रामाणिकपणे कबूल करावं लागे. ते व्यवस्थित जेवले होते, झोपले होते, बढतीसाठी भांडले होते, पोराच्या लग्नात पाहुण्यांच्या गाद्यांची उठाठेव केली होती. ती तीन मिनिटं कुठेतरी फळीवर ठेवलेल्या डब्यासारखी होती. आहे हे माहीत, आत काय आहे तेही माहीत, आणि उघडायचं कारण नाही. त्या दिवशी समुद्र सपाट होता. वादळ दोन दिवस आधी येऊन गेलं होतं. जहाजावरचा दुसरा तारवाला तापानं पडला होता, म्हणून मास्तर एकटेच अठरा अठरा तास हेडफोन लावून बसत. ताफ्यासाठी संकटाच्या हाकेवर कान ठेवायची पाळी त्या आठवड्यात त्यांच्याच जहाजाची होती; सोबतीचं लढाऊ जहाज दुसऱ्या लहरीवर असे. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते आणि त्यांना मास्तर कोणी म्हणत नव्हतं. युद्धात कोणी काही पाठवायचंच नाही, असा हुकूम. खटक्याला बोट लावलं की शत्रूला ठिकाण कळलं. चोवीस तास शांतताच. तरी नियम तो नियम, दर अर्ध्या तासाला त्या तीन मिनिटांची नोंद झाली पाहिजे. दिवसेंदिवस तेच वाक्य. मग तारवाल्यांनी एक युक्ती काढली होती, आणि ती शाळेतल्या कुठल्याही गुरुजींनी शिकवली नव्हती: पाळी सुरू होतानाच सबंध पान लिहून टाकायचं. एकदाच दौत उघडायची, सहा तासांच्या बारा नोंदी एका हातानं लिहायच्या, खाली सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. सगळेच करत. उचकीही करत असेल. एकसारख्या शाईवरून कोणाही शहाण्या माणसाला ते कळलं असतं, पण अशा वह्या शहाणी माणसं वाचत नाहीत.

त्या दुपारी डावा कान दुखत होता म्हणून त्यांनी त्या बाजूचा हेडफोन वर सरकवला होता आणि सदऱ्याला बटण लावत बसले होते. उजव्या कानात नेहमीची खरखर. घड्याळाचा काटा लाल तुकड्यात शिरला आणि एका मिनिटानं आवाज आला. फार लांबून नव्हे, स्वच्छ. तीन टिंबांचं एक अक्षर. ते अक्षर लागोपाठ चार वेळा पाठवलं की त्याचा अर्थ पाणबुडीचा हल्ला, हे पोरासोरालाही ठाऊक होतं. टिक टिक, थांबून टिक. टिक टिक, थांबून टिक. टिक टिक, थांबून टिक. टिक टिक. आणि मग ते थांबणं संपलंच नाही. तिसरं टिंब आलं नाही. मास्तरांच्या हातात सुई होती. त्यांना आठवतं की त्यांना आनंद झाला होता. अर्धा क्षण, निव्वळ ओळखीचा आनंद: अरे, उचकी! गर्दीत मित्राची हाक यावी तसा. दुसऱ्या अर्ध्या क्षणात अर्थ कळला.

आणि समोर वहीत लिहिलेलं होतं, काही ऐकू आले नाही. वाळलेल्या शाईत, सहीनिशी. नोंद खोडायची तर एकच रेघ मारायची, पुन्हा सही करायची आणि कप्तानाला जाऊन कारण सांगायचं. कारण काय सांगायचं? की तीन वाजून सोळा मिनिटांचं मी दुपारी बारालाच लिहून ठेवलं होतं? कप्तान याहून बारीक कारणासाठी माणूस पुढच्या बंदरात उतरवून देत असे. मास्तरांनी ठरवलं, पुन्हा येईल. अशी हाक कोणी एकदाच मारत नाही. पुन्हा आली की रेघ मारू, पूर्ण ऐकलेलं लिहू, वेळेचा घोळ त्यात झाकून जाईल. ते दोन्ही कानांवर हेडफोन दाबून बसले. तीन अठरा झाले. साडेतीन झाले. हल्ल्याची बातमी असती तर कप्तानानं दिव्याच्या खुणेनं सोबतीच्या लढाऊ जहाजाला कळवली असती, ते वळलं असतं, अंधार पडायच्या आत पोचलं असतं. चार वाजेपर्यंत हे सांगणं शक्य होतं. सव्वाचारला सांगितलं असतं तर एक तास कुठे होतास, हा प्रश्न आला असता. पाचला तो आणखी मोठा झाला असता. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत कोणीतरी म्हणालं, आज दिवस शांत गेला, आणि मास्तरांनी मान हलवली. बटण त्यांनी नंतर लावलं.

बंदरात परतल्यावर कळलं की कोळशाचं जहाज बेपत्ता आहे. कागदोपत्री वादळ. पण बंदरातली माणसं कागद वाचत नाहीत, ती बोलतात. आणि ती बोलली की वादळ असो की पाणबुडी, जहाज जाताना तार तर यायला हवी होती. एकही तार नाही, म्हणजे तारवाला झोपला होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या जहाजावर तेहतीस माणसं होती, त्यांच्या घरांतून हे पसरलं. घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाली. एका बाईनं दुकानाच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं, तुमच्या पोराच्या झोपेत माझा नवरा गेला. हे सगळं मास्तरांना मागाहून बहिणीनं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर म्हणाली, तू तर ओळखतोस ना त्याला, दादा झोपेल का रे? मास्तर म्हणाले होते, तो झोपणाऱ्यांतला नव्हता. फार समजूतदारपणे म्हणाले होते.

आणि मग वडिलांचं अंथरुण. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती. म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्यानं वळून मास्तरांचं मनगट धरलं, घड्याळ बघावं तसं, आणि विचारलं, तू त्याच पाण्यात होतास. काहीच ऐकलं नाहीस? खोलीत औषधाचा वास होता. टेबलावर पोटं उघडलेली चार घड्याळं होती आणि चारही चालू होती. मास्तर तोवर तारघरात लागले होते, लग्न ठरलं होतं. ते म्हणाले, नाही. म्हाताऱ्यानं मनगट सोडलं आणि म्हणाला, मग लागला असेल डोळा, पोरच होतं. याहून अधिक काही झालं नाही. मास्तर घरी आले आणि त्यांना भूक लागली होती, हेही त्यांना आठवत होतं, आणि आयुष्यात दुसऱ्या कशाची नाही इतकी त्यांना त्या भुकेची लाज वाटत होती.

सकाळी बायको कोटावरून ब्रश फिरवत होती. मास्तर म्हणाले, “राहू दे. कोट नको.”

“का? दुसरा आहे कुठे?”

त्यांनी सांगितलं. चार-पाच वाक्यांतच झालं. इतकी वर्षं वाटत होतं की फार वेळ लागेल. बायको ब्रश हातात धरून ऐकत होती. तिचं तोंड हळूहळू आंबट झालं, भाजीवाल्यानं खालून सडकी दिली हे घरी येऊन कळावं तसं. ती ओरडेल याची त्यांनी तयारी ठेवली होती, किंवा म्हणेल, जाऊ द्या, तेव्हा तुम्ही लहान होता. त्याची जास्त भीती होती.

“तिला सांगितलंत?” तिनं विचारलं.

“नाही.”

“मग मला आधी कशाला सांगितलंत?” ती म्हणाली आणि कोट उचलून आत घेऊन गेली.

पदकाच्या कचेरीत त्या दिवशी गर्दी होती. दोन म्हातारे बाकावर बसून कोणत्या बंदरात पाणी गोड होतं यावर वाद घालत होते. मास्तरांनी कागद बाईंसमोर ठेवला. रात्रीच त्यांनी तीन पंधराच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली होती, वर नीट अक्षरांत काय ऐकलं, किती वाजता, कोणाच्या हातचं, ते लिहिलं होतं, आणि पुढे सही केली होती, बिनशेपटीची. बाईंनी ते वाचलं. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला आणि पुन्हा वाचलं.

“मास्तर, ही नक्कल आहे. नकलेवर रेघ मारून मूळ पान बदलत नाही.”

“मग काय करायचं?”

“निवेदन द्यावं लागेल. शपथेवर.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि नववं कलम आहे. सेवेच्या कागदांत खोटी नोंद करणाऱ्याला पदक नाही. मी सांगितलं नाही असं नको व्हायला. तुमचं नाव कोरून झालंय हो. तुम्ही काही न बोलता बसला असता तरी कोणाला काय कळणार होतं?”

“बोललो नव्हतोच,” मास्तर म्हणाले.

बाईंनी कोरा कागद दिला. लिहून झाल्यावर त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्यांना तो विचारताना संकोच वाटला हे दिसत होतं: तो तोच होता हे कशावरून? साडेतीन अक्षरं, पंचेचाळीस वर्षांपूर्वी. मास्तरांनी टेबलाच्या काचेवर बोटानं वाजवून दाखवलं. बाईंनी कान देऊन ऐकलं आणि खरं ते सांगितलं, “मला काही फरक कळला नाही.” मग शिक्का मारताना म्हणाल्या, “समिती ठरवेल. पण असा कागद समोर आल्यावर नाही म्हणणं जड जाईल त्यांना. बहिणीला पत्र पाठवू आम्ही.” म्हणजे तेही काम सरकार करणार होतं. टपालाला चार दिवस. मास्तरांना क्षणभर फार हलकं वाटलं, आणि त्या हलकेपणाची चव ओळखीची होती, म्हणून ते घरी न जाता तिच्याकडे गेले.

ती शाळेचे गणवेश शिवत असे. दुसऱ्या मजल्यावर एकच लांब खोली. एका बाजूला कापडाचे गठ्ठे, खिडकीपाशी मशीन. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गळ्यात मोजायची फीत, तोंडात दोन टाचण्या. मास्तरांना पाहून तिनं टाचण्या काढल्या. “ये. वाट चुकलास? अकरा वर्षं झाली.” मग मशीन चालवता चालवताच बोलायला लागली, जणू ते कालही आले होते. “दादासाठी अर्ज केलाय मी. मिळायचं नाही म्हणतात. मला त्या बिल्ल्याचं काय करायचंय? पण दिला तर म्हणजे तो झोपला नव्हता, एवढं कागदावर येईल.”

“तो झोपला नव्हता,” मास्तर म्हणाले.

“हे तू तेव्हाही म्हणाला होतास.”

“तेव्हा अंदाजानं म्हणतोय असं दाखवलं. मला माहीत होतं. मी ऐकलं होतं.”

मशीन थांबलं नाही. तिनं शिवण टोकापर्यंत नेली, धागा कापला, कॉलर सुलट केली आणि गठ्ठ्यावर ठेवली. मगच त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. वही, शाई, बटण, चार वाजेपर्यंतचा वेळ. लढाऊ जहाज अंधारायच्या आत पोचलं असतं, हे सांगितलं नसतं तरी तिला कधी कळलं नसतं. तेही सांगितलं.

“किती वाजता?” तिनं विचारलं.

“तीन सोळा.”

“दुपारी?”

“दुपारी.”

“म्हणजे जेवण झालं असेल त्याचं,” ती म्हणाली.

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कोणीतरी त्याला येऊ दे, येऊ दे, म्हणून ओरडत होतं. ती फितीचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मास्तरांना वाटलं, आता ती रडेल, आणि तिनं रडावं असंही वाटलं, कारण मग त्यांना काहीतरी करता आलं असतं, पाणी आणता आलं असतं.

“बाबांनी तुला विचारलं होतं,” ती म्हणाली. “मी दारात उभी होते. तू नाही म्हणालास.”

“हो.”

“त्यानंतर नऊ दिवस होते ते. नऊ दिवस, रे. एकदाही परत यावंसं वाटलं नाही तुला?”

“वाटलं.”

“मग?”

चौथ्या दिवशी ते कोपऱ्यापर्यंत आले होते. दुकानाची पाटी दिसली होती, आणि ते एका ओळखीच्याशी बोलत उभे राहिले आणि परत फिरले होते. हे सांगावं असं एकदा त्यांच्या ओठांवर आलं. पण ते काही उत्तर नव्हतं. ते म्हणाले, “नाही आलो.”

तिनं मान हलवली, कापड किती लागेल ते कळल्यावर हलवतात तशी. मग विचारलं, “आता मिळेल त्याला?”

“मिळेल, असं बाई म्हणाल्या.”

“आणि तुला?”

“नाही.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता आणि क्षमा तर नव्हतीच. मास्तर जायला वळले. दाराशी पोचले तेव्हा ती म्हणाली, “तू यायचंस त्या दिवशी.”

“मी? मला बोलावणार नाहीत ते.”

“मी बोलावतेय. मागं जाऊन बसू नकोस कुठंतरी. माझ्या शेजारी बसायचं. त्या तेहतीस घरांतली जी कोणी उरली असतील ती येतील तिथं. विचारतील, हे कोण.”

“काय सांगशील?”

तिनं पुढची कॉलर सुईखाली घेतली आणि डोळे बारीक करून धागा पाहिला.

“सांगेन,” ती म्हणाली, “यानं ऐकलं होतं.”